गाडीभर कडबा

“मी तर त्याला कवाच माफ केलं व्हतं.”

शेजारचे बळीरामकाका ओट्यावर बसून हे म्हणाले तेव्हा, अण्णा, तुम्हाला पोचवून माणसं नुकतीच परत आली होती. ओट्याच्या पायरीवर ओल्या पावलांचे ठसे होते. मी आत, न पेटवलेल्या चुलीपुढे बसले होते आणि दार उघडं होतं. बाहेर कुणीतरी म्हणालं, “चांगलं केलंत.” मग पुन्हा काकांचाच आवाज आला, हळू, अगदी मायेचा. “आता माणसासंगं केस बी गेली. मिटलं म्हनायचं.”

त्या आवाजात खोट नव्हती. त्यांनी तुम्हाला खांदा दिला होता. ते रडले होते, मी पाहिलं होतं. म्हणून तर ते वाक्य माझ्या घशाखाली उतरेना. खोटं बोलणाऱ्यावर रागावता येतं, माफ करणाऱ्याचं काय करायचं? ज्याची कडब्याची गंजी जळली तो माफ करतो, म्हणजे जाळणारे तुम्हीच ठरता. तुमच्या चितेच्या धुराचा वास अंगावर घेऊन आलेली ती सगळी माणसं माना हलवत होती, आणि वरच्या कोर्टात अपिलाचा निकाल व्हायच्या आधी आपल्याच ओट्यावर तुमचा निकाल लागून गेला.

मी काही बोलले नाही. मी बोलत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे.

थोड्या वेळानं बळीरामकाकांच्या घरच्या गिरजाकाकू मागच्या दारानं आल्या. त्या दिवशी आपल्या घरात चूल पेटायची नव्हती, शेजारपाजारचे कडू घास घेऊन येत होते. कुणी चार भाकरी, कुणी पिठलं, कुणी पातेलीभर वरण. काकूंच्या डोक्यावर टोपलं होतं. ते खाली उतरवून त्यांनी फडकं काढलं तर भाकरींची ही एवढी चळत. आईला तेवढ्या दुःखातही बोलावंसं वाटलं. “एवढ्या काहून आणल्यास गं, गिरजा?”

“असू दे. घरात मान्सं लई हायेत.” मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, “खाय गं बाई. शिकल्याल्यांना बी भूक लागती.”

एवढी माणसं नव्हती. उरलेल्या भाकरी दुसऱ्या दिवशी कुत्र्यानं खाल्ल्या. पण त्या टोपल्याकडे बघताना मला मेंढरांच्या वाघरीपाशी बसून तुम्ही सांगितलेली गोष्ट आठवली, आणि भाकरीचा घास माझ्या तोंडातच राहिला.

आग लागली तेव्हा मी नांदेडला होते, मामाकडे. पहिलीपासून तिथेच, त्यांच्या घराजवळच्या इंग्रजी शाळेत, मग तिथल्याच कॉलेजात. त्यामुळे ती आग मी डोळ्यांनी पाहिली नाही. मला ती कोर्टाच्या कागदांतून माहीत आहे, आणि कागदांत ती फार सोपी आहे. उन्हाळ्याचे दिवस. सूर्य मावळल्यावर बळीरामकाकांच्या शेतातली कडब्याची गंजी पेटली. त्याच्या आधी बांधावरून मेंढरं न्यायची की नाही यावरून तुमचं त्यांचं भांडण झालं होतं, बोलणं बंद होतं, आणि तुम्ही चारचौघांत म्हणाला होतात, “ह्या बांधाचं तुला लाभायचं न्हाई.” तुम्हाला गंजीकडून बांधानं जाताना काकांच्या मेहुण्यानं विहिरीपासून पाहिलं. तुमच्या सदऱ्याला घासलेटचा वास आला. आणि आग विझल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुम्ही काकांच्या दारात गाडीभर कडबा नेऊन टाकलात.

तालुक्याच्या कोर्टानं या गोष्टी एकीत एक अडकवल्या आणि त्यांना साखळी म्हटलं. सगळ्यात जास्त भार शेवटच्या कडीवर होता. आरोपीनं आपणहून भरपाई दिली, यावरून त्याचं अपराधी मन दिसून येतं, असं निकालात लिहिलं आहे. एक वर्षाची कैद. अपील दाखल झालं म्हणून शिक्षा थांबली. तुम्ही जामिनावर घरी आलात, पाणी प्यायलात आणि मेंढरं सोडून माळावर निघून गेलात. आई म्हणाली, हा माणूस कोर्टातून आला की बाजारातून, कळत नाही.

घासलेटचं तर गावात कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. मेंढराच्या जखमेत किडे पडले की तुम्ही घासलेटाचा बोळा दाबून धरायचात, आणि ते मेंढरू तुमच्या छातीला ढुशा द्यायचं. लहानपणी सुट्टीत आले की मला तो वास म्हणजेच तुम्ही वाटायचात. नांदेडला मामीनं स्टोव्ह भरायला घेतला की मला घरची आठवण यायची. हे कोर्टात कसं सांगणार, हा भाग वेगळा.

पण कडबा? तुम्हाला कोर्टात विचारलं, गाडीभर कडबा दिला का. तुम्ही म्हणालात, दिला. कशासाठी? “त्याची जनावरं उपाशी व्हती.” एवढंच. वकीलसाहेब नंतर बाहेर येऊन चिडले होते. जळीत झालं की गावात घरटी पाच-दहा पेंढ्या देतात, ही रीत आहे, सगळ्यांनी दिल्या म्हणून मीही दिल्या, एवढं तरी बोलायचं. निदान गावातले दोघे साक्षीला आणायचे. तुम्ही त्यांना म्हणालात, “दिल्यालं बोलून दाखवू न्हाई, साहेब.” वकीलसाहेबांनी कपाळावर हात मारला. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “यांना काही समजवा.” मी जमिनीकडे बघत होते.

दिवाळीच्या सुट्टीत मी तुम्हाला विचारलं. तुम्ही हरभऱ्याआधी कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवली होती. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत होतं, आणि रानवाला ज्वारी देतो. मेंढरांभोवती वाघर, म्हणजे आपली ती सुताची जाळी, ताणून झाली होती. एक खुंटी सैल होती, ती तुम्ही दगडानं ठोकत होतात.

“सगळ्यांनी पाच-दहा पेंढ्या दिल्या,” मी म्हटलं. “तुम्ही गाडी का दिलीत?”

“माझं त्याचं बोलनं बंद व्हतं ना.”

“म्हणून तर विचारते.”

“म्हनून तर दिली.” तुम्ही दगड खाली ठेवलात. “हे बघ माय. ज्याच्यासंगं बराबर हाय त्याला पाच पेंढ्या दिल्या तरी चालतंय. भांडान झाल्यालं असलं अन् पाच पेंढ्या नेऊन टाकल्या, तर त्यो टोमना व्हतो. जळालं तुझं, हे घे पाच पेंढ्या. त्याला असं वाटलं असतं. म्हनून भांडान असलं की जास्त द्यावं लागतं. न्हाई तर देऊच न्हाई.”

“मग हे कोर्टात का नाही सांगितलंत?”

“कोर्टाला काय करायचंय आमच्या भांडनाचं?”

मला हसू यायला हवं होतं की रडू, ते कळलं नाही. सगळं कोर्ट तुमच्या भांडणावरच तर उभं होतं.

हे मी वकीलसाहेबांना कागदावर लिहून दिलं, कारण तोंडानं सांगायला मला जमलं नसतं. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “हे कामाचं आहे. साक्षीपुरावा आता नव्यानं नाही देता येणार. पण देण्याचा अर्थ एकच निघतो असं नाही, हे मांडता येईल.” अपिलाच्या मुद्द्यांत ते गेलं, इंग्रजीत. तुम्ही म्हणालात, वाचून दाखव. मी एकेक वाक्य मराठीत करून सांगत गेले. मेहुण्यानं ज्या अंतरावरून पाहिलं तिथून ओळख पटणं अवघड. वासाची कुठे तपासणी झाली नाही. कडब्याचा दुसराही अर्थ निघतो. सबब सरकार पक्षाला गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करता आला नाही.

“म्हंजी?”

“म्हणजे पुरावा कमी पडला.”

तुम्ही कागदाच्या कडेवरून बोट फिरवलंत. मग म्हणालात, “म्हंजी केलं असंल, पर गावलं न्हाई. असंच ना?”

“तसं नाही अण्णा.”

“मंग कसं?”

मी सांगू लागले. सिद्ध करायची जबाबदारी त्यांची असते, आपली नसते. त्यांची एक कडी जरी तुटली तरी आपण सुटतो. मी चांगलं सांगितलं, असं मला अजूनही वाटतं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, “ह्याच्यात कुटं लिव्हलंय का, की ह्या मान्सानं पेटवली न्हाई?”

मी कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. नव्हतं लिहिलेलं.

“कोर्टात तसं लिहीत नसतात,” मी म्हटलं.

“काहून?”

“न केलेली गोष्ट कशी सिद्ध करणार?”

तुम्ही वाघरीकडे हात केलात. “सकाळी मेंढरं मोजली, पुरी भरली, तर लांडगा आला न्हाई म्हनतो आपन. लांडगा आल्याचा पुरावा कमी पडला, असं म्हनतो का?”

हे भांडण आपलं कधी संपलं नाही. दर सुट्टीत कुठून तरी ते निघायचंच. जेवताना, मेंढरं कातरताना, एकदा तर एसटीत, सगळ्यांच्या देखत. मी म्हणायचे, सुटणं महत्त्वाचं. तुम्ही म्हणायचात, सुटायला मी अडकलो कवा होतो. मी म्हणायचे, अण्णा, कायदा असाच चालतो. तुम्ही म्हणायचात, “चालू दे. तू बी वकीलच झालीस.” आणि वर हसायचात. हिंगोली जिल्हा झाला त्या वर्षी तुम्ही म्हणालात, “बघ, माझ्यासाठी सरकारनं जिल्हा जवळ आणला.” आई म्हणाली, “जवळ आला तर निकाल बी लवकर आणा म्हनावं.” तारखा पडत राहिल्या.

तुम्ही मला कधीच विचारलं नाहीत, तुला काय वाटतं, मी केलं का. मीही आपणहून कधी सांगितलं नाही. पुराव्याबद्दल आपण इतकं बोललो, अण्णा, आणि हे राहिलं. मला ते इतकं उघड वाटायचं की बोलायचं काय त्यात. पण आता वाटतं, तुम्ही माझ्या इंग्रजी कागदात जे वाक्य शोधत होतात, ते कदाचित कोर्टाकडून नकोच होतं तुम्हाला.

मी चौथीत असताना शाळेच्या गॅदरिंगला तुम्ही आला होतात. मेंढरं दादावर टाकून, खांद्यावर घोंगडं घेऊन, एसटीनं. मला स्टेजवर इंग्रजीत चार ओळी म्हणायच्या होत्या. मी उभी राहिले आणि पहिला शब्दही आला नाही. बाई पडद्यामागून सांगत होत्या, तरी आला नाही. घरी जाताना मामा बाहेर बघत होते. रिक्षात तुम्ही माझा हात हातात घेतलात आणि म्हणालात, “तुला समदं येत व्हतं. मला दिसून राहिलं व्हतं.” त्यातला एक शब्दही तुम्हाला कळणार नव्हता. काय दिसलं तुम्हाला, हे मी विचारलं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली.

एकदा मी तुम्हाला न सांगता एक गोष्ट केली होती. संध्याकाळच्या वेळेला काकांच्या विहिरीवर जाऊन उभी राहिले, मेहुणा उभा होता म्हणतात तिथेच. दादाला म्हटलं, गंजीच्या जागेपासून बांधानं चालत जा. तो कुरकुरत गेला, हातात काठी, डोक्याला पटका. मला माणूस दिसला. कोण ते दिसलं नाही. दादा आहे हे मला माहीत होतं म्हणून तो दादा, एवढंच. मी परत येऊन वकीलसाहेबांसाठी ते लिहून काढलं. पण लिहिताना एक गोष्ट गाळली, कारण ती पुराव्यात बसत नव्हती. दादाच आहे हे माहीत असूनही, क्षणभर मला ते तुम्हीच वाटला होतात. त्या उजेडात, त्या बांधावर, काठी घेऊन चालणारा कुठलाही माणूस मला तुम्हीच वाटला असता. मेहुण्याचंही तसंच झालं असेल. आयुष्यभर तिथून तुम्हालाच जाताना पाहिलेलं. तो खोटं बोलला असं मला वाटत नाही.

आता मी संध्याकाळी बांधाकडे बघत नाही. बघितलं की रोज कुणी तरी जात असतं.

तुमच्या छातीत कळ आली ती माळावर. दादानं तुम्हाला पाठीवर घेऊन फाट्यापर्यंत आणलं, तिथून जीप. मी नांदेडहून पोचले तोवर तुम्हाला अंघोळ घालून झाली होती. त्या दिवसाबद्दल याहून जास्त लिहायला मला जमणार नाही.

वकीलसाहेब तेराव्याला आले. जेवले, आईसमोर हात जोडले, आणि निघताना अंगणात मला म्हणाले, “अपील करणारा गेला की अपील संपतं. मात्र कैदेच्या शिक्षेविरुद्ध असेल तर जवळच्या नातेवाइकाला ते पुढे चालवायची परवानगी मागता येते. बायको, मुलगा, मुलगी, कुणीही. महिन्याच्या आत अर्ज करावा लागतो. नाही केला, तर खालचा निकाल आहे तसाच राहील.” मग थोडं थांबून म्हणाले, “घरात विचार करा. सक्ती कुणाचीच नाही.”

दादा उंबराखाली बसून वाघर सांधत होता. मेंढरं अजून त्याचं ऐकत नाहीत. तो तुमच्यासारखी जीभ टाळ्याला लावून आवाज काढतो, मेंढरं मान वर करून बघतात आणि पुन्हा चरायला लागतात.

“शिक्षा अण्णाला व्हती,” तो म्हणाला. “अण्णा न्हाई. आता जेलात कोन जानारंय?”

“कुणी नाही.”

“मंग?”

“कागदावर तसंच राहील.”

“कागद कोन वाचून राहिलंय? गावानं कवाच सोडून दिलं. बळीरामकाका सोताहून म्हनले, ने बांधावरनं मेंढरं, काही तकलीफ न्हाई. तू काय, जाशील नांदेडला. बांधावर मला राहायचंय.”

त्याचं चूक नव्हतं. तेच तर अवघड होतं. तुमच्या भांडणाचं मूळ होतं ते बांधावरून जाणं, आणि ते आता फुकट मिळत होतं. फक्त तुम्ही पेटवली, एवढं गप्प राहून मान्य करायचं होतं. मी गप्प राहण्यात तशीही पटाईत.

आई सुपात ज्वारी घेऊन बसली होती. तिचे हात थांबले नाहीत. “मी भांडले व्हते त्यांच्यासंगं,” ती म्हणाली. “आरधी गंजी रिकामी करून राहिले, आपल्या जनावरांनी काय खावं? चार दिवस बोलले न्हाई मी.” तिनं सूप पाखडलं. “पर एक हाय. पेटवून आला असता तर रातीचा नेऊन टाकला असता. भर दुपारी, गावातून, बैलाच्या गळ्यातल्या घागरमाळा वाजवत कोन नेतंय?”

दादाची सुई थांबली. इतक्या तारखा झाल्या, मी इतके कागद वाचले, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही आईला विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं.

“तू जा,” आई म्हणाली. “माझा अंगठा लागला तर घे. पर मला तिथं उभं ऱ्हाववत न्हाई.”

अर्ज दाखल झाला. तारखेच्या दिवशी दादानं मला सायकलवर फाट्यापर्यंत आणलं. मी उतरले तेव्हा सायकल वळवता वळवता म्हणाला, “मोठ्यानं बोल जरा. तुझं ऐकू येत न्हाई.” आणि गेला. पुढे जाऊन एकदा मागे वळून बघितलं त्यानं.

फाट्यावर बळीरामकाका एसटीची वाट बघत उभे होते, बाजाराला निघालेले. मला बघून त्यांनी दगडावरची पिशवी उचलली आणि मला बसायला जागा केली. त्यांना माहीत होतं. गावात काय लपतं.

“काहून करून राहिलीस गं माय हे?” ते म्हणाले. “मी माफ केलंय ना. तुझ्या बापाचा अन् माझा जलमाचा शेजार. राग आला, लावली. व्हतं मान्साच्या हातनं. मी कवा मनात धरलं न्हाई.”

त्यांचे डोळे भरले. पटक्याच्या शेवानं त्यांनी ते पुसले.

अण्णा, त्या वेळी मला विचारायचं होतं, काका, अण्णा गेले त्या दिवशी तुमच्या घरून टोपलंभर भाकरी आल्या. बाकीच्यांनी चार-चार आणल्या. तुम्ही एवढ्या का पाठवल्या? ती कशाची भरपाई होती? कोर्टाच्या हिशेबानं मोजलं तर तो कबुलीजबाबच होतो. पण मला माहीत होतं, तसं काही नाही. तुमचं-त्यांचं बोलणं धड नव्हतं, म्हणून जास्त पाठवल्या. चार पाठवल्या असत्या तर तो टोमणा झाला असता. त्यांना ही रीत तुमच्याइतकीच ठाऊक आहे. तरीही तुमची गाडी दारात उभी राहिली तेव्हा त्यांना ती ओळखता आली नाही. जळालेल्या गंजीसमोर उभं राहून कुणाला ओळखता आली असती, कोण जाणे.

हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात एसटी आली. काकांनी आधी चढून खिडकीची जागा धरली आणि मला हाक मारली, “बस हितं. वारं लागंल.” आणि ते स्वतः मागे जाऊन बसले.

हिंगोलीला कोर्टात वकीलसाहेबांनी मला समजावलं, साहेब विचारतील, तुम्ही मुलगी का, अपील चालवायचं का. तुम्ही फक्त ‘होय’ म्हणायचं. बाकी मी बघतो. मी मान हलवली. होय म्हणणं मला जमलं असतं.

तुमचं नाव पुकारलं. शिपायानं ते दोनदा पुकारलं, सवयीनं, आणि व्हरांड्याकडे बघितलं. मी उठून पुढे गेले. सरकारी वकील म्हणाले, आरोपी मयत आहे, आता यात काही उरलेलं नाही. साहेब कागद चाळत होते. साधे, थकलेले वाटले मला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“तुम्ही मुलगी?”

“होय.”

“अपील पुढं चालवायचं म्हणता?”

“होय.”

वकीलसाहेबांनी मान डोलावली. तिथे ते संपायला हवं होतं. पण साहेबांनी कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, “वडील गेले. शिक्षा आता कुणाला भोगायची नाही. हे तुम्हाला समजलंय ना? मग कशासाठी?” त्यांनी रागानं नाही विचारलं. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं, असं वाटलं.

वकीलसाहेब बोलायला उठले. साहेबांनी हातानं त्यांना थांबवलं.

मला सगळं येत होतं. विहिरीपासूनचं अंतर, वासाची न झालेली तपासणी, घरटी पेंढ्यांची रीत, भर दुपारी वाजणाऱ्या घागरमाळा. इंग्रजीतही येत होतं, मराठीतही. मी कठड्याला धरलं. चौथीतल्या त्या स्टेजवर होतं तसंच सगळं झालं. सगळे बघत होते आणि पहिला शब्द येईना. पंखा फिरत होता. मागच्या बाकावर खांद्यावर घोंगडं टाकून कुणीतरी म्हातारा बसला होता, स्वतःच्या तारखेला आलेला. तो माझ्याकडे बघत होता.

मी बोलले. शिपाई म्हणाला, “बाई, मोठ्यानं.”

मग मी मोठ्यानं बोलले.

“साहेब, माझ्या अण्णांनी गंजी पेटवली न्हाई. पुरावा कमी पडला म्हणून म्हणत नाही मी. पेटवलीच न्हाई त्यांनी.”